तळ्यातले मासे कशाने मेले, हे आधी ठरवा



आपल्या नाशिक जिल्ह्यात शेततळी भरपूर झाली. द्राक्षाला, डाळिंबाला, कांद्याला पाणी पाहिजे म्हणून तळे खोदले, कागद अंथरला, पाणी साठवले. पाणी आहेच, तर त्यात रोहू-कटल्याची बोटुकली का सोडू नयेत, हा हिशेब सरळ आहे आणि बरोबरही आहे. पण एखाद्या सकाळी तळ्यावर जावे तर पांढरी पोटे वर आलेली दिसतात. मग माणूस घाबरतो. शेजारी म्हणतो, "चुना टाक." दुकानदार म्हणतो, "ही बाटली न्या, दोन दिवसांत फरक पडंल." तिसरा म्हणतो, "व्हायरस आलाय, आता काय उपयोग नाही." एकाच दिवशी तिघांचेही ऐकले जाते. चुना पडतो, बाटली पडते, आणि राहिलेले मासे देवाच्या हवाली होतात.

माशाच्या रोगांवर गेल्या पन्नास वर्षांत जगभर आणि आपल्या देशातही पुष्कळ संशोधन झाले. त्यातून शेतकऱ्याच्या कामाची जी मोठी गोष्ट निघाली ती ही, की कारण कळल्याशिवाय औषध टाकणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. आणि हे पाणी पुढे ठिबकातून तुमच्याच बागेला जाते, हेही विसरू नये. रेडिओवर ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हे पत्रक छापले आहे. घरात ठेवू नका. पंपाच्या खोलीत खिळ्याला अडकवा, गरज तिथेच पडेल.

आधी रोग आहे का ते पाहा

मेलेला प्रत्येक मासा रोगाने मरत नाही. पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते, आणि उजाडेपर्यंत लहानमोठे, सगळ्या जातींचे मासे एकदम गेले, तर तो प्राणवायूचा तुटवडा समजावा. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करते, रात्री तेच शेवाळ तो वापरते. त्यामुळे पहाटे तळ्याचा श्वास सगळ्यात कमी असतो. पाणी हिरवेगार, खाद्य जास्त, आभाळ दोन दिवस भरलेले, अशा वेळी हे घडते. यावर औषध नाही, उपाय आहे. खाद्य बंद करा, आणि पंप लावून तळ्यातलेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडा.

दुसरे कारण आपल्या जिल्ह्यात फार आहे, ते म्हणजे फवारणी. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन या जातीची कीटकनाशके माशाला अत्यंत विषारी आहेत. अगदी थोडी मात्रासुद्धा पुरते. बोर्डोतले मोरचूदही माशाला बाधते. तळ्याच्या काठावर टाकी धुतली, किंवा वाऱ्याबरोबर फवारा तळ्यावर आला, किंवा फवारणीनंतर पाऊस होऊन बागेतले पाणी तळ्यात उतरले, तर मासे वेडेवाकडे पळतात, गिरक्या घेतात आणि काही तासांत संपतात. आदल्या एकदोन दिवसांत आसपास कोणी काय फवारले, हे आधी विचारा. बांधापलीकडच्या शेजाऱ्यालाही विचारा, भांडण न करता.

रोगाची चाल वेगळी असते. आज चार मेले, उद्या दहा, परवा पंचवीस. बहुतेक वेळा एकाच जातीचे किंवा एकाच वयाचे मरतात. मरण्याआधी दोनतीन दिवस खाद्याला येत नाहीत, काठाशी सुस्त उभे राहतात, रंग काळपट पडतो, अंगावर काही ना काही खूण दिसते. असे दिसले तर रोगाचा विचार करावा.

व्हायरस समजला, निघाली बुरशी

आता जखमांच्या रोगाची हकीगत ऐका. कारण शोधण्याला एवढे महत्त्व का, हे त्यातून कळेल.

१९७१ साली जपानमध्ये माशांच्या अंगावर खोल जखमा पडण्याचा रोग दिसला. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड भागात तसेच झाले, तिथे त्याला लाल ठिपक्यांचा रोग म्हणू लागले. मग तो आग्नेय आशियात पसरला आणि १९८८ मध्ये बांगलादेशातून आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत शिरला. तिथून नद्यांच्या, पुराच्या आणि मत्स्यबीजाच्या वाटेने पुढच्या काही वर्षांत देशभर गेला. आधी अंगावर लाल ठिपका येतो, तो फुटून जखम होते, जखम आत मांसापर्यंत, कधी हाडापर्यंत जाते, आणि मासा जिवंतपणीच सडल्यासारखा दिसतो. लोकांनी भीतीने मासळी खाणे सोडले. जे मासे धडधाकट होते त्यांनाही बाजारात भाव राहिला नाही. रोगाने जेवढे बुडवले त्यात या भीतीने भर घातली.

सुरुवातीला शास्त्रज्ञांना वाटले की हा विषाणूचा, म्हणजे व्हायरसचा रोग आहे. आजारी माशांत विषाणू सापडलेही. काहींना जखमेत जिवाणू सापडले. पण विषाणू काही माशांत सापडे, काहींत सापडत नसे. जिवाणू सापडत, पण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे. जखमेच्या तळाशी मांसात घुसलेले बुरशीचे धागे मात्र जिथे पाहावे तिथे होते. निरोगी माशाच्या अंगात ही बुरशी घातली की तीच जखम उठे. १९९० नंतरच्या दशकात गोष्ट पक्की झाली. खरा गुन्हेगार पाण्यातली बुरशीसारखी वाढणारी एक जात आहे, तिचे शास्त्रीय नाव अफॅनोमायसेस इनव्हेडन्स. जिवाणू मागाहून जखमेवर बसतात, मेलेल्या जनावरावर गिधाडे बसावीत तसे.

हे कळल्याने फरक काय पडला? फरक हा पडला की प्रतिजैविकांवर म्हणजे अँटिबायोटिकवर खर्च करण्यात अर्थ नाही, हे ठरले. बुरशी कोणत्या पाण्यात फोफावते, हा शोध सुरू झाला. पाणी थंड झाले, साधारण १८ ते २२ अंशांवर आले, आणि पाण्यात क्षारता कमी असली, की तिचे बीजाणू पोहत येतात आणि माशाच्या कातडीला जिथे खरचटले असेल तिथे चिकटतात. थंडीत माशाची स्वतःची ताकद घटलेली असते. म्हणजे पावसाळा संपल्यापासून माघापर्यंतचा काळ धोक्याचा. निफाडकडे ज्या रात्री द्राक्षाला थंडी बाधू नये म्हणून बागेत शेकोट्या पेटवता, त्याच रात्री तळ्यातल्या माशाचीही आठवण ठेवा.

इथे एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती सांगण्यासारखी आहे. निफाड, येवला, सिन्नरच्या काळ्या जमिनीतले विहिरीचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते, तिथे या बुरशीला जरा अडचण होते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या जास्त पावसाच्या भागात मातीतला चुना धुऊन गेलेला असतो, पाणी मऊ असते. तसेच ज्या तळ्यात निव्वळ पावसाचे पाणी साठवले आहे, त्याचेही. तिथल्या शेतकऱ्यांनी जास्त जपावे. ओढ्यातला मरळ मासा या रोगाला लवकर बळी पडतो. ओढ्यातल्या मरळीच्या अंगावर जखमा दिसल्या तर ती तुमच्या तळ्याला आलेली आगाऊ नोटीस समजा. सायप्रिनस, चंदेरा, तिलापिया यांना हा रोग सहसा होत नाही. रोहू, कटला, मृगळ यांच्या लहान पिल्लांना होतो.

उपाय दोन. पहिला, थंडी सुरू होण्याआधी चुना. हेक्टरी २०० किलो, म्हणजे गुंठ्याला सुमारे २ किलो. ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद तळ्याचा पृष्ठभाग ९ गुंठ्यांच्या आसपास भरतो, त्याला १८ किलो झाले. चुना आधी पाण्यात विरवून थंड होऊ द्यावा, मग सगळीकडे सारखा शिंपावा. पण आधी पाण्याचा सामू पाहा. तो साडेआठाच्या वर असेल तर चुना अजिबात टाकू नका. कागद अंथरलेल्या तळ्यात हिरव्या शेवाळामुळे सामू पुष्कळदा आधीच चढलेला असतो. "दर महिन्याला चुना" असा सरसकट सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा उपाय, जखमा दिसू लागल्यावर. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगासाठी 'सिफॅक्स' नावाचे औषध तयार केले. एक हेक्टर तळ्यात एक मीटर पाणी असेल तर त्याला १ लिटर, हे त्याचे प्रमाण. ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल आणि उतरत्या काठांचे तळे पूर्ण भरले तर त्यात सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते. त्या हिशेबाने २२० मिलिलिटर झाले. तळे अर्धे असेल तर पाणी मोजून कमी करा. हौसेने दुप्पट टाकू नका.

आणि हा खरा व्हायरस

पहिल्या रोगात व्हायरसचा संशय होता आणि निघाली बुरशी. तिलापियाच्या बाबतीत उलटे झाले. इस्राएलमध्ये गालील सरोवरात आणि तिथल्या तळ्यांत २००९ सालापासून तिलापिया मोठ्या प्रमाणात मरू लागला. कारण सापडेना. २०१४ साली शास्त्रज्ञांनी त्यामागचा नवा विषाणू शोधून काढला. त्याला तिलापिया लेक व्हायरस म्हणतात. इजिप्तमध्ये उन्हाळ्यातली मर म्हणून जी समजली जात होती, तिच्यातही हा विषाणू सापडला. थायलंडमध्ये तर पिंजऱ्यात बीज सोडल्यापासून महिन्याच्या आत मर लागायची. २०१७ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने सगळ्या देशांना सावध केले. २०१८ मध्ये आपल्या देशात पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या माशांत तो असल्याचे प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात धरणांतल्या पिंजऱ्यांत आणि तळ्यांत तिलापिया पाळणारे आहेत, म्हणून हे सांगणे जरूर आहे. लक्षणे अशी: मासा खाद्य सोडतो, काळवंडतो, कातडी जागोजागी सोलल्यासारखी होते, लाल चट्टे येतात, डोळा धुरकट होतो किंवा आत बसतो, पोट फुगते. मोठ्यांपेक्षा पिल्ले जास्त मरतात. जोरदार साथीत शंभरातली ऐंशी-नव्वद पिल्लेही गेल्याच्या नोंदी आहेत. तळ्यात तिलापियाबरोबर रोहू-कटला असतील आणि ते खुशाल फिरत असताना एकटा तिलापिया मरत असेल, तर संशय पक्का धरावा.

आता कोणी विचारील, "साहेब, मग औषध कोणतं?" औषध नाही. का नाही, ते समजून घ्या. जिवाणू किंवा बुरशी हे स्वतंत्र जीव आहेत, त्यांना वेगळे गाठून मारता येते. विषाणू हा माशाच्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीलाच कामाला लावून आपली वाढ करून घेतो. घरात घुसलेल्या चोराला मारायला घरच पेटवावे तसे होते. तुमच्या गोठ्यातली लाळ्या-खुरकूत, कोंबड्यांतली मर म्हणजे राणीखेत, जनावरांचा लम्पी, हे सगळे विषाणूचेच रोग. तिथे आपण लस आधी टोचतो. गायीला टोचता येते, पाच हजार बोटुकल्यांना कसे टोचणार? तिलापियाच्या लशीवर काम चालू आहे, पण आपल्या शेतकऱ्याच्या हातात येईल अशी लस अजून नाही. म्हणून दुकानातली कोणतीही बाटली "व्हायरसवर खात्रीची" म्हणून दिली गेली, तर ती तिथेच ठेवून परत या.

अँटिबायोटिकही टाकू नये. विषाणूला त्याने काही होत नाही. उलट त्याचा अंश माशाच्या मांसात राहतो, आणि पाण्यातले जिवाणू त्या औषधाला सरावतात. मग खरी गरज पडेल तेव्हा ते औषध चालत नाही.

एक भीती मात्र काढून टाका. हा विषाणू माणसाला होत नाही. तळ्यातले धडधाकट मासे नीट शिजवून खायला हरकत नाही. आजारी, जखमी किंवा मेलेले मासे मात्र विकू नयेत. एका टोपलीतला तसा मासा सगळ्या गावच्या मासळीचा भाव पाडतो.

रोग येतो बीजाबरोबर

कोळंबीवाल्यांकडून एक धडा घेण्यासारखा आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९४ च्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर आला आणि कोळंबीची तळीच्या तळी बसली. त्यावरही औषध नव्हते, आजही नाही. तरी कोळंबीचा धंदा पुन्हा उभा राहिला. त्याला बीज तपासून घेण्याची शिस्त कारण झाली. बीज तळ्यात सोडण्याआधी ते प्रयोगशाळेत तपासायचे, विषाणू निघाला तर घ्यायचेच नाही. करोनाच्या साथीत नाकातला नमुना घेऊन जी पीसीआर चाचणी होत होती, तीच चाचणी माशाच्या विषाणूसाठीही होते. आपण गोड्या पाण्यातले शेतकरी मात्र अजून बीज पिशवीच्या भावावर घेतो. ट्रक आला, पिशव्या उतरवल्या, पैसे दिले, गाडीवाला गेला. बीज कुठल्या केंद्राचे, कोणी काढले, हे विचारलेलेच नसते. वांग्याचे रोप घेताना आपण याहून जास्त चौकशी करतो.

तेव्हा बीज नोंदणी असलेल्या केंद्राचेच घ्या आणि पावती मागून घ्या. तिलापिया पाळायचा तर मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते आणि बीजही मान्यता असलेल्याच केंद्राचे लागते. ही कटकट वाटते, पण विषाणू रोखण्याची तीच पहिली वेस आहे. पिशवी आणल्यावर न उघडता पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगू द्या. नंतर दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम साधे मीठ विरघळवून त्यात बोटुकली दोन मिनिटे ठेवा. त्यातली काही कलंडू लागली तर लगेच काढा. मिठाने अंगावरच्या उवा, बाहेरची बुरशी यांना चाप बसतो. विषाणू मिठाने जात नाही, हे ध्यानात असू द्या. त्यासाठी नवे बीज दोनतीन आठवडे हाप्यात, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, जुन्या माशांपासून वेगळे ठेवता आले तर उत्तम. हापा मात्र त्याच तळ्यात लावू नका, पाणी तेच राहते. वेगळी टाकी किंवा छोटा हौद पाहा.

जाळे, बादल्या, टोपल्या एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात न्यायच्या असतील तर धुऊन दोनतीन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. भाड्याने जाळे ओढणारी टोळी येते तेव्हा हे विशेष पाहावे. ते काल कोणाच्या तळ्यावर होते, हे तुम्हाला ठाऊक नसते. बगळे, पाणकावळे मासा उचलून दुसरीकडे टाकतात. त्यावर तळ्याला वरून दोऱ्या बांधणे एवढेच आपल्या हातात आहे.

रोग आल्याचा संशय असेल तर तळ्याचे पाणी ओढ्यात सोडू नका. तुमचा ओढा पुढे दारणेला, कादवेला, गिरणेला, गोदावरीला मिळतो. खाली धरणावर मासेमारी करून पोट भरणारी माणसे आहेत. मेलेले मासे रोज काढून, ओढ्या-विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. कुत्र्यांना उकरता येऊ नयेत.

तपासणीला मासा कसा पाठवावा

देशात माशांच्या रोगांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ सालापासून चालू आहे. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था तो चालवते, आणि मुंबईला वर्सोव्यात असलेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था त्यात सहभागी आहे. २०२३ साली 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचे मोबाईल अॅपही निघाले. त्यावरून शेतकऱ्याला आजारी माशाची खबर फोटोसह देता येते. मोबाईल जमत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलीला-मुलाला सांगा, त्यांना दोन मिनिटांचे काम आहे. आणि नाशिकच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला कळवा. नमुना कुठे आणि कसा द्यायचा ते तिथे विचारूनच निघा.

पुष्कळ जण इथे घोटाळा करतात. काल मेलेला, फुगलेला, वास मारणारा मासा पिशवीत घालून नेतात. त्यातून काही कळत नाही, कारण मेल्यावर सगळ्याच माशांत जिवाणू माजतात. तपासणीला हवा तो जिवंत, पण आजारी मासा. असे तीनचार मासे निवडा, तळ्याच्याच पाण्यात प्राणवायू भरलेल्या पिशवीत घाला. पिशवी बीजवाल्याकडे मिळते. जिवंत नेणे शक्य नसेल तर नुकताच मेलेला, कल्ले अजून लाल असलेला मासा बर्फात घालून त्याच दिवशी पोहोचवा. बर्फात म्हणजे बर्फाच्या पेटीत. घरच्या फ्रीजच्या बर्फखान्यात गोठवून नको. तिलापियाचा विषाणू पाहायचा असेल तर यकृताचे आणि कल्ल्याचे लहान तुकडे शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवलेले चालतात, पण ते काम मत्स्य अधिकाऱ्याच्या हातून करून घ्यावे. एक तळ्याचे पाणीही बाटलीभर न्या. बाटली काठोकाठ भरा.

आणि बरोबर एक चिठ्ठी द्या. तळे केवढे, पाणी किती, कागद आहे की मातीचे, कोणते मासे, किती सोडले, बीज कोणत्या तारखेला कुठून आणले, मर कधी सुरू झाली, रोज किती मेले, खाद्य कोणते, गेल्या पंधरा दिवसांत तळ्यात काय टाकले आणि आसपास काय फवारले. शेवटच्या दोन गोष्टी लपवू नका. रोज किती मेले याचे आकडे पंपाच्या खोलीतल्या भिंतीवर खडूने लिहीत गेलात तरी पुरे, तेच आकडे चिठ्ठीत उतरवा.